हाक मारली की उठणारं मशीन

घरून काम करणाऱ्यांचे किस्से ऑफिसवाल्यांपेक्षा लवकर साचतात, कारण ऑफिसात सासू नसते. माझे तर एका महिन्यातच साचले. पुण्यातल्या आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "दसऱ्याच्या आत घरच्या मशीनवर सर्व्हरलेस सेटअप चालवून दाखवा. त्याच्याजवळ सारखं माणूस बसवावं लागणार असेल, तर मग पुण्यालाच या."

नवरा ताडकळसला शेतीत आणि मी पुण्यात खोली करून, हे आम्ही बरंच सोसलं होतं. आता नाही म्हणजे नाही.

*

सासरे आधी नाखूश होते. सातबारा काढायला गेले की त्यांना हमखास 'सर्व्हर डाऊन' ऐकायला मिळायचं. मी म्हटलं, "मामा, हे सर्व्हरलेस आहे. नावातच सर्व्हर नाही."

त्यांनी जरा विचार केला. "सर्वरच न्हाई, तर डाऊन कोन हुईल? बसव."

*

सासूबाईंना नावात रस नव्हता. "ते करतंय काय?"

मी समजावलं, की छोटी छोटी कामं त्यात लिहून ठेवायची. एरवी ती झोपलेली असतात. कुणी लांबून हाक मारली की त्यातलं एक उठतं, तेवढं काम करतं आणि परत झोपतं.

त्यांनी ओसरीवर आडव्या झालेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. "मंग हे तर घरात कवाचंच बसवलंय की."

*

डाउनलोड पूर्ण होत आलं की लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून! इन्व्हर्टरची बॅटरी कामातून गेलेली. एका दुपारी मी तोंड पाडून बसले होते, तर नवरा ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात घेऊन आला. मला भरून आलं.

"अन् ट्रॅक्टर कसा चालू करनार?" सासऱ्यांनी विचारलं.

"ढकलून. तुमी हाव की."

सेटअप त्याच दिवशी झाला. ट्रॅक्टर सगळ्यांनी मिळून ढकलला.

*

झोपलेलं काम पहिल्या हाकेला उठायला जरा वेळ घेतं. चाचणीसाठी मी मोबाइलवरून हाक मारली, तर उत्तरच येईना. माझा जीव टांगणीला लागलेला. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"च्या ठिवू का त्याला?"

*

आणि सेटअप तपासायला साहेबांनी नेमका खंडेनवमीचा दिवस धरला. सकाळी बघते, तर माझ्या टेबलावर विळे, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने मांडलेले. मधोमध चालू मशीन, त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," सासूबाई म्हणाल्या. मी लाख विनवण्या केल्या, पण त्या हटल्या नाहीत. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "मॅडम, मशीनवर बसा, सुरू करू."

सासूबाईंनीच माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, आज आमच्यात हत्याराला हात लावत न्हाईत. तुमी तिथूनच हाक मारा. उठतंय ते."

तिकडे बटणांची टकटक ऐकू आली. इकडे हाराखालचा मशीनचा दिवा लुकलुकला.

"आलं उत्तर," साहेब म्हणाले. "तिथं खरंच कुणी हात लावला नाही?"

"न्हाई."

"मग मॅडमना सांगा, पुण्याला यायची गरज नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "त्यांनी बटन दाबलं नव्हं? पुन्यात नवमी न्हाई व्हय आज?"