मिस्टरांनी बाहेर बोलावलं तेव्हा

दुपारचं जेवण आटोपलेलं आहे, पडदा अर्धा ओढलेला आहे आणि बेल्मिरो आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेला आहे. झोप जवळ येते आणि उंबऱ्यावरूनच परत फिरते. पाय काही स्वस्थ बसत नाहीत. खेळणं सोडून दोन वर्षं झाली, पण ते या पायांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. झोपेतसुद्धा हा धावतो, असं त्याची बायको लुर्देस म्हणते.

आज तर अस्वस्थ व्हायला कारणही आहे. अटलांटिकच्या काठावरच्या या कोळ्यांच्या गावात फुटबॉलचा एकच संघ. त्याच्या मधल्या फळीत बेल्मिरोने उमेदीची सगळी वर्षं घातली. आता तोच संघ त्याला प्रशिक्षक व्हायला बोलावतोय, आणि क्लबचे अध्यक्ष संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार आहेत. ही जागा आन्सेल्मोंची. पोर्तुगालमध्ये खेळाडू प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणतात, तसा तोही त्यांना मिस्टरच म्हणायचा. मिस्टर हिवाळ्यात गेले. बेल्मिरोने त्यांना खांदा दिला. पण एक गोष्ट विचारायची राहूनच गेली. चषकाच्या अंतिम सामन्यात संघ पुढे असताना त्यांनी त्याला बाहेर का काढलं? तो बाहेर आला, मधली फळी ढासळली आणि चषक हातचा गेला. गावाने मिस्टरांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

पापण्या जड होतात. पडदा वाऱ्याने फुगतो, आणि चेंडू त्याच्याकडे येत असतो.

मागे कोण आहे म्हणून तो मान वळवतो, तर मागे मासळीबाजार. चेंडू ओट्यांवरच्या बर्फावरून घरंगळत जातो. बेल्मिरो त्याच्यामागे धावतो. ओट्यांमधली वाट इस्पितळाचा व्हरांडा होते, पुढे पुढे फरशी मऊ लागायला लागते, खाली गवत आहे. कडेला राखीव खेळाडूंच्या बाकावर मिस्टर एकटेच बसलेत. अंगात तोच राखाडी कोट. ते हाताने बोलावतायत.

"ये बाहेर."

"नाही येणार," बेल्मिरो म्हणतो. "आधी सांगा, त्या दिवशी मला का काढलंत?"

मिस्टर लुर्देसची चौकशी करतात. गवत फार ओलं ठेवलंय, अशी माळ्याबद्दल कुरकुर करतात. बेल्मिरो जागचा हलत नाही. मग ते म्हणतात, "गुडघा बघ."

तो खाली बघतो. गुडघा कोबीच्या गड्ड्यासारखा सुजलाय. दुखत मात्र नाही. त्या दिवशीही दुखला नव्हता, अंगात इतकी रग होती.

"तुला कळत नव्हतं," मिस्टर म्हणतात. "मला इथून दिसत होतं. पाय टेकताना तू तोंड वाकडं करत होतास."

"आणखी थोडं खेळलो असतो."

"खेळला असतास. चषकही आला असता. दुसऱ्या दिवसापासून काय केलं असतंस?"

बेल्मिरो मनाशी पुढची वर्षं मोजतो. त्या सामन्यानंतरच तर तो कर्णधार झाला. त्यानंतरच संघ वरच्या श्रेणीत गेला, तेव्हा कोळ्यांनी बंदरातल्या सगळ्या होड्यांचे भोंगे वाजवले होते. आणि शेवटच्या सामन्यात सगळा स्टँड उभा राहिला होता. हे सगळं तो हुकलेल्या चषकाची नुकसानभरपाई समजत आला होता.

"मग बोलला का नाहीत? गावाने तुम्हाला काय काय ऐकवलं."

"बोललो असतो तर सगळ्यांनी तुझा गुडघा बघितला असता. लंगड्या मिडफिल्डरशी पुढचा करार कोण करतं?"

मिस्टर बाकावर जरा सरकून जागा करतात आणि मैदानाकडे बोट दाखवतात. "तो आठ नंबरचा. नीट बघ."

बेल्मिरो त्या खेळाडूला ओळखत नाही. तो जोरात धावतोय, चांगलाच खेळतोय. पण पाय टेकताना तोंड वाकडं करतोय.

"दिसलं?"

"दिसलं."

बेल्मिरो सीमेवरच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून टाच ओढत बाहेर येतो, वळतो आणि त्या खेळाडूला बोलवायला हात वर करतो.

तो हात लुर्देसने धरलाय. अध्यक्ष आलेत, उठ, असं ती सांगतेय.

बेल्मिरो तसाच बाहेर जातो. सोमवारी सकाळी मैदानावर येतो, असं अध्यक्षांना सांगतो. एवढंच म्हणतो, की सरावाआधी सगळ्यांना डॉक्टरांनी तपासायचं, आणि कुणाला बाहेर काढलं तर क्लबने कारण विचारायचं नाही. अध्यक्ष जरा चमकतात, पण कबूल होतात.

ते गेल्यावर लुर्देस खाली वाकते.

"मोज्याला काय लावून आणलंस? आत्ताच तर धुतले होते."

उजव्या टाचेवर पांढरा पट्टा उमटलाय. बेल्मिरो त्यावरून अंगठा फिरवतो. फक्की अजून ओलसर आहे.