दाताखालचा शाळू

शाळू वाळला की नाही, हे चंद्राबाई दाताने सांगायची. रहिमतपूरच्या बाजारात ज्वारीच्या पोत्यात हात घालायचा, चार दाणे तोंडात टाकायचे. कट्ट आवाज आला तर माल कोरडा. दाणा नुसताच चेपला तर ओला, आणि ओला माल वखारीत लावला की पंधरा दिवसांत वास मारतो. धान्याचे व्यापारी मौलाभाई तिने मान हलवल्याशिवाय पोतं आत घेत नसत. नवरा गेल्यावर तिचं घर या दातांवरच चाललं होतं.

१९७४ साली तेच दात हलायला लागले. कारण मिश्री. नऊ वर्षांची असल्यापासून दिवसातून चारदा भाजलेली तंबाखू हिरड्यांना घासायची! मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होते आणि ती माझी शेजारीण. मी दहा वेळा सांगितलं असेल. "आवं बाई, मिश्रीनं दात घट बसत्यात," हे तिचं ठरलेलं उत्तर. मग जिभेने ढकलून दाखव म्हटलं की उठून कामाला लागायची.

शेवटी पुढचे दोन पडले. मौलाभाई हसले, "चंद्राबाई, आता तुम्ही लापशीची पारख करा." दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या दारात. "चला बाई, कुटं न्यायचं तितं न्या."

मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दातांना धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजलं होतं, ओढ्याकाठच्या झाडाखालची माती वाहून जावी तसं. सगळे दात काढायचे, हाडाची टोकं घासून सारखी करायची, तीन महिने जखमा भरू द्यायच्या, मग कवळी. आणि मिश्री बंद. बोलता बोलता ते म्हणाले, परदेशात कुणी कुणी हाडातच स्क्रू बसवून त्यावर दात लावून बघतायत. पण त्यालाही हाड धड लागतंच.

"माझ्या हाडात खिळं ठोकनार? मी काय दाराची चौकट हाय व्हय?"

डॉक्टर हसले. मी नाही, मला गाडी गाठायची होती.

दात काढले आणि चौथ्या दिवशी तिचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं. विचारलं तर म्हणते, "लय ठणका लागला, म्हून भोकात जरा मिश्री दाबली. आमच्यात दाढ काढल्यावर तीच दाबत्यात."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पुन्हा मिरज, पुन्हा सगळं साफ करणं, आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. ताकारी स्टेशन गेल्यावर तिने कमरेची मिश्रीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली.

"फेकू नगा, पितळंची हाय. पन मी मागितली तर दिऊ नगा."

मागितली. दोनदा. दुसऱ्यांदा नुसता वास घेऊ द्या म्हणाली. मी दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा आली नाही.

कवळी बसली. पहिलाच दाणा चावला तर खालची कवळी टुणकन उचलली गेली. कवळीला बसायला खाली हाडच फारसं उरलं नव्हतं. चंद्राबाईचा चेहरा उतरला. "कायच कळंना बाई. दुसऱ्याच्या तोंडानं खाल्ल्यागत वाटतंय."

पण रडत बसणारी ती नव्हे. तिने तीन वाट्या मांडल्या : खडखडीत वाळलेला, अर्धवट वाळलेला, ओला. ती डोळे मिटणार, मी दाणा देणार, तिने ओळखायचा. पहिल्या दिवशी विसात सात. जिभेने खालची कवळी दाबून धरायची आणि दाणा दाढेखाली घ्यायचा, ही युक्ती तिची तिनेच काढली. रोज संध्याकाळी वह्या तपासायच्या सोडून मी दाणे देत बसायची. महिन्याभरात विसात एकोणीस.

"दातास्नी कळत न्हाई," ती म्हणाली, "पन कट्ट झाल्यालं कानाखालच्या हाडात वाजतं."

नवा शाळू आला तशी ती बाजारात गेली. मीही गेले, सुट्टी टाकून. मौलाभाईंनी पोत्याच्या तोंडचे दाणे दिले. तिने चावले. "कोरडा." मग काय वाटलं कुणास ठाऊक, कोपरापर्यंत हात खुपसून तिने तळातले दाणे काढले, दाढेखाली धरले, आणि बाजूला थुंकली.

"खाली वला हाय."

माल आणणारा उसळला, "तोंडात सवताचा एक दात न्हाई, अन् माल वला म्हनं!"

मौलाभाईंनी पोतं उलटं करायला लावलं. तळाचा दाणा तळहाताला चिकटत होता. दुसरं पोतं ओढून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. "हे बघा, चंद्राबाई."

"लापशी असली तर आदीच सांगा," चंद्राबाई म्हणाली आणि तिने पोत्यात हात घातला.