बोअरसाहेबाचं लिंबू

हातात लांबट काहीही आलं की आमचा बोअरसाहेब आधी त्याचा तोल बघायचा. छत्री असो, ऊस असो, फावड्याचा दांडा असो. ती वस्तू एका बोटावर आडवी तोलायची, एक डोळा मिटून तिची धार न्याहाळायची आणि मग समोरच्याला झुकून सलाम ठोकायचा. एकदा जेवताना त्यानं आमटीतल्या शेवग्याच्या शेंगेलाही हा मान दिला. वाढणारी बाई घाबरून मागं सरली.

बहात्तरच्या दुष्काळानंतर कुठल्याशा परदेशी संस्थेनं बोअर पाडायचं यंत्र हिंगोलीकडं पाठवलं. त्या यंत्राबरोबर हा साहेब विलायतेहून आला. वय तिशीचं, अंगानं उंच आणि नाक उन्हानं कायम सोललेलं. मी नुकताच बी. ए. होऊन घरच्या भाकरी मोडत होतो. इंग्रजी बऱ्यापैकी यायचं, म्हणून मला त्याचा दुभाषा नेमलं. आमचा मुक्काम माझ्याच गावी, नरसीला असे. त्याचं खरं नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून तो बोअरसाहेब झाला.

त्याच्या सामानात एक भलीमोठी पत्र्याची पेटी होती. यंत्राचे सुटे भाग असतील म्हणून गड्यांनी ती जपून उतरवली. उघडली तर आत गच्च भरलेली कॉमिक्स! दुपारी यंत्र थंड होईपर्यंत साहेब बाभळीखाली बसून ती वाचायचा आणि जमलेल्या मंडळींना मी अर्थ सांगायचो. साखऱ्याच्या गणपतरावांच्या शेतात बोअर चालू होतं तेव्हाची गोष्ट. गणपतरावांनी उडणाऱ्या वीराचं चित्र बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "ह्यो एवढा उडून राहिला, तर पाणी काहून आणून देत न्हाई?" मी भाषांतर केलं. साहेब हसला नाही. पेटी उपसून त्यानं एक अंक शोधून काढला. त्यात त्या वीरानं अख्खी नदी उचलून दुसरीकडं नेली होती. गणपतराव म्हणाले, "मंग त्यालाच आणायचं ना! हे धूड कशाला आणलं?" सुदैवानं दोन दिवसांनी त्या धुडाला पाणी लागलं.

जत्रेत तंबूतला सिनेमा आला की साहेबाला ताप असला तरी उतरायचा. राक्षस, जादूचे गालिचे, उडते घोडे हे त्याचं दैवत. खुर्ची नाकारून तो पुढं मातीत बसायचा. घोडा उडायला लागला की त्याची तार नेमकी याला दिसायची आणि आनंदानं हा ओरडायचा, "तार! तार दिसली!" त्यात कुचेष्टा नव्हती, कारागिराला दिलेली दाद होती. पण शेवटी मागची एक म्हातारी वैतागली. म्हणाली, "तार आमाला बी दिसती, बाबा. गप बघ की." तेव्हापासून तार दिसली की साहेब मला कोपरानं ढोसायचा. त्या जत्रेत माझ्या बरगड्यांचं काही खरं राहिलं नाही.

नरसीत एक पिंजारी होते. कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा, पण गाव त्यांना वस्ताद म्हणायचं, कारण गावचा आखाडा त्यांचा. मोहरम असो की दसरा, लाठी, बनेटी आणि पट्टा त्यांच्याच हुकमानं फिरायचा. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी मूठ आणि पुढं लवलवतं लांबलचक पातं. ते पाहून साहेबाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यानं वस्तादांना सांगितलं की आम्हीही तिकडं रविवारी लोखंडी टोप घालून मैदानात जुन्या लढाया लढतो.

"जिंकतं कोन?" वस्तादांनी विचारलं.

"तीनशे वर्षांपूर्वी जे जिंकले तेच."

"मंग लढता काहून?"

साहेबानं कोपऱ्यातली लाठी उचलून बोटावर तोलली आणि झुकून सलाम ठोकला. वस्तादांना तेच आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी त्याला अंगणात बोलावलं.

त्यानंतरचे काही महिने सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर वस्तादांच्या बायकोनं, म्हणजे चाचीनं. साहेबाचे हात लांब, पातं त्याहून लांब आणि अंगण एवढंसं. आधी वाळत घातलेली लुगडी गेली, मग एक नवी भरलेली गादी. अंगणभर कापूस उडाला आणि त्यात साहेब उभा! चाची कडाडली, "ह्या मुडद्याला तिकडं दुश्मन न्हाई मिळाला म्हणून माज्या गादीवर आला!" मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर साहेब म्हणाला, "कळलं." मग खाली बसून तो एकेक पुंजका वेचू लागला. चाची बडबडत आत गेली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली.

आखाड्याचा एक नियम होता. शिलंगणाच्या मिरवणुकीत नव्या शागिर्दानं पट्टा फिरवायचा, तर आधी माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापून दाखवायचं. तो हात कुणाला मागायचा नाही. गर्दीतून ज्याला वाटेल त्यानं आपण होऊन पुढं यायचं. कुणीच आलं नाही, तर शागिर्द कच्चा, तो पुढल्या दसऱ्याला. साहेबाला पुढला दसरा नव्हता. दसरा झाला की आठवडाभरात त्याची मुदत संपून तो कायमचा जाणार होता. लहानपणापासून कागदावर आणि पडद्यावर पाहिलेली तलवार खरोखर मिरवायची त्याला ही एकच संधी होती.

गावाचं साहेबावर प्रेम होतं, पण हाताचं काय? साखऱ्याहून दसऱ्याला आलेले गणपतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेबासाठी जीव मागा, देतो. पण हात कसा द्यावा? उद्या औत धराया लागतंय." माझ्या आईनं तर सकाळीच मला शपथ घातली होती.

दसऱ्याला मैदान भरलं. पाटावर लिंबू ठेवलं. ढोल वाजून वाजून थकला. साहेब पट्टा चढवून उभा होता आणि हसत होता. ते हसू बघवत नव्हतं. वस्ताद आपल्या दाढीकडं बघत बसले. पट्टा काढून ठेवावा म्हणून साहेबानं मूठ सैल केली, तोच बायकांच्या घोळक्यातून चाची तरातरा आली, तिनं लिंबू उचललं आणि तळहात पुढं केला.

"मार!"

साहेब पांढराफटक पडला. "नको, चाची," तो पुटपुटला.

"नको काहून? माजी गादी कापताना इचारलं व्हतं का?"

वस्ताद गरजले, "आता मागं सरलास तर तिची बेअब्रू व्हईल!"

साहेबानं डोळे मिटून उघडले. पातं फिरलेलं मला दिसलंच नाही. लिंबाची एक फोड ढोलावर जाऊन आपटली आणि चाची किंचाळली, "या अल्ला!" तिच्या तळव्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली होती. "मेलं लिंबू झोंबलं," ती म्हणाली आणि सगळं मैदान हसलं. साहेब मात्र मट्कन खाली बसून लेकरासारखा रडू लागला. चाचीनं लिंबाच्याच हातानं त्याचे केस विस्कटले आणि दरडावलं, "ऊठ रे, मिरवणूक खोळंबून राहिली." त्या दिवशी त्यानं गावाबाहेरच्या आपट्यापर्यंत पट्टा फिरवला, डोळे पुसत पुसत. मी पाहिलेला सगळ्यात सुखी माणूस तो.

आठवड्यानं हिंगोलीच्या स्टेशनवर आम्ही त्याला पोचवायला गेलो. पूर्णेकडची गाडी लागली होती. चाचीच्या तळव्यावरची ती रेघ, साहेबाच्या जिवाला तीच एक टोचणी होती. त्यानं चाचीचा हात मागितला, उजेडात धरला आणि नीट पाहिला. रेघ पार मिटली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. "काही नाही राहिलं!" तो आनंदानं म्हणाला.

चाचीनं हात ओढून घेतला, स्वतः निरखून पाहिला, बोटानं चोळून पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"व्हय की," ती म्हणाली. "जरा जोरानं मारायचा न्हाई का रे?"