ह्यांच्या नावाचा रस्ता

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर शुद्धलेखनाच्या चुकांना आणि वेड्यावाकड्या अक्षराला हसू नये. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहिलं ते वाण्याच्या यादीपुरतं.

माझे यजमान आरमारात विमान चालवत. लढाईत गेले, मागून पराक्रमाचं पदक आलं. काही वर्षांनी अंबरनाथला आमच्या घरासमोरच्या रस्त्याला गावाने ह्यांचं नाव दिलं. पाटी लागली, पेढे वाटले, सासूबाई रडल्या. माझी पंचाईत कुणाच्या लक्षात आली नाही. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता राहते कुठे, हे सांगायचं कसं?

टांगेवाल्याला मी "पाण्याच्या टाकीमागे" सांगायची. तेवढ्यावर भागत होतं. मग घर चालवायला शिलाई मशीन घ्यायचं ठरलं, म्हणून उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे गेले. तो हप्त्याने देत असे.

"भाभी, पता बोलो. रस्त्याचं नाव?"

"मला नाही घेता येत."

"कमाल है! रस्ता क्या आपका घरवाला है?"

दुकानातली माणसं हसली. मी मशीन न घेताच उठले. पायरीपर्यंत आले, तोच कोपऱ्यात बटणं निवडत बसलेली त्याची म्हातारी आई त्याच्यावर सिंधीत कडाडली. माझं मोकळं कपाळ तिने पाहिलं असावं. तो खाली मान घालून म्हणाला, "अम्मा कहती है, पता नको. घर दाखवा."

ती स्वतः माझ्याबरोबर टांग्यात बसून आली. मी पाटीकडे बोट दाखवलं. तिने पाटीला हात जोडले. दुसऱ्या दिवशी मशीन आलं.

शेवटच्या रजेत हे म्हणाले होते, "एकदा नावाने हाक मार ना. इथे कोण ऐकतंय?" मी पदर तोंडाशी धरून नुसती हसले. सासूबाई देवळात गेल्या होत्या, घरात खरंच कुणी नव्हतं.

आता भाजीवाला ते नाव घेतो, पोस्टमन घेतो, शाळेतली पोरं घेतात. मशीन चालवताना मी ऐकत असते. एका दुपारी दार लावून मीही म्हणून पाहिलं. हाकेसारखं नाही आलं, पत्त्यासारखं आलं.

झंपर, परकर शिवून हप्ते भरले. पावतीवरचा पत्ता मोठ्याने वाचायची दुकानदाराची सवय. शेवटच्या वेळी त्याने तो मनातच वाचला. पावती माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "हो गया, भाभी. सगळे पैसे फिटले."