सोमीबाईंनी विचारलेला प्रश्न

माझी पाच वर्षांची सई चौथ्यांदा तापली, तेव्हा देवीवरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आज कबूल करते. आमच्या दहिवलीच्या घराजवळच देऊळ आहे. दर मंगळवारी तिथे ओटी भरून मी पोरीचा ताप जाऊ दे, एवढंच मागायचे. ताप उतरायचाही. उतरला की मी डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मध्येच थांबवायचे, उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायचे आणि पुन्हा अंग तापलं की तीच काढायचे. या वेळी मात्र ताप हटेना.

चौथ्या दिवशी सकाळी सईला घेऊन देवळाच्या पायरीवर बसले. शेजारी सोमीबाई करटुली विकत होत्या. त्या डोंगरावरच्या ठाकरवाडीतून येतात. भाजी घेण्यापुरतीच आमची ओळख. सई लघवीला देवळामागे गेली आणि बसताच कळवळून रडली.

“बाय, मुतताना रोजच रडतं का गं पोर?” सोमीबाईंनी विचारलं.

“हो, दोन-तीन दिवस झाले. तापामुळे असेल.”

“माज्या नातीचं असंच व्हतं. लघवी तपासली तवा कळलं. तू तपासलीस?”

मी मान हलवली. नाही.

“मग हितं काय बसलीस? देवी काय पळून जाणार हाय? ऊठ!”

मी उठले, थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आधी लघवीचा नमुना घेतला, मगच सईला दाखल करून उपचार सुरू केले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लघवीतले जंतू चिवट होते, नेहमीची औषधं त्यांच्यावर चालणार नव्हती. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. मी रडतरडत बाटलीचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “तेच एक कारण असेल असं नाही,” म्हणाल्या, “पण अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होतात. आता इंजेक्शनं सगळी पुरी करायची.”

नवी इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन दिवसांत ताप उतरला. माझ्या मनाने जुनी वाट धरली: झालं की, आता घरी जाऊ. सईच्या हातावरची सुई बघवत नव्हती. तरी डोळे मिटून देवीला म्हटलं, आई, आता माझं डोकं चालवत नाही, सांगतील तसं करते. आणि राहिले.

शेवटच्या दिवशी सई एकटीच बाथरूममध्ये गेली. मी दाराबाहेर कान लावून उभी. आतून आवाज आला, “आई, झाली. दुखलं नाही!”

दवाखान्याच्या त्या ओल्या फरशीवर, बाथरूमच्या दारासमोर, माझे हात आपोआप जोडले गेले.