मायनं दिलेली मिश्री

आमच्या वस्तीवरची पहिली ग्रॅज्युएट मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. त्या पदवीवरच मला बायकांच्या सहकारी संस्थेच्या घरात अधीक्षिकेची नोकरी लागली. दारूपायी सासर-माहेर दोन्हीकडून हाकललेल्या तरण्या आयांना लेकरांसकट ठेवायचं ते घर. जागा बंद पडलेल्या दूध संस्थेची. दुष्काळात गुरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि दुधाच्या कॅनांच्या जागी खाटा आल्या. स्वयंपाकाला बाई हवी होती, मी मायला लावून घेतलं. तिथंच चुकलं म्हणा.

माय आयुष्यभर ऊसतोडीला गेली. दिवाळी झाली की ती ट्रकमध्ये आणि मी वसतिगृहात, उन्हाळ्यापर्यंत. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईनं सांभाळलं मला. मायला दोष देत नाही. तिनं तोडलेल्या उसावरच मी शिकले, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग ती पोरगी आली. एकोणीस वर्षांची, छातीशी दोन महिन्यांची लेक. उसाच्या फडावर अंग ठणकतं म्हणून नवऱ्यानंच तिला दारू पाजायला सुरुवात केली होती. पुढं सुटेना, तेव्हा त्यानंच तिला परळीच्या स्टेशनवर सोडून दिलं.

टँकर दोन दिवसांआड यायचा. माणशी दोन घागरी. माय आपल्यातली एक वाचवून तापवायची, पाय पसरून बसायची, पायांवर ते लेकरू घ्यायची आणि न्हाऊ घालायची. पोरगी बघून शिकायची.

"मान धर नीट! भोपळ्याचं देठ हाय का ते?"

"मावशी, मला लई भ्या वाटतं."

"वाटलं तर हाक मार. मी कुठं चाललेय?"

मी कुठं चाललेय! हे ऐकायला मी वसतिगृहाच्या फाटकाशी किती वर्षं उभी होते.

जळत होते मी, दुसरा शब्द नाही. पोरीच्या ताटात तव्यावरची गरम भाकरी गेली तरी माझ्या डोळ्यांत खुपायची. एकदा म्हणालेच, "माय, इथं आठजणी हायत. तुला एकच कावून दिसती?"

"तुला काय कमी हाय? तू शिकलीस."

जणू शिकलेल्याला माय लागत नाही.

घराचा नियम साधा होता. तीन महिने नशेवाचून हॉलमध्ये काढले की आतून कडी असलेली स्वतःची खोली. नशेचं काही सापडलं तर प्रकरण संस्थेच्या समितीपुढं, आणि समितीनं ठरवलं तर लेकरू शिशुगृहात. पोरीचे अकरा आठवडे झाले होते. त्याच आठवड्यात तिच्या उशीखाली मला मिश्रीची डबी सापडली. डबी मायची होती.

आमच्याकडच्या निम्म्या बायका सकाळी दातांना मिश्री लावतात. मायला ती नशा वाटतच नाही. "पोरीला झोप न्हाई," ती म्हणाली. "जीव बाटलीकडं ओढतुया. बाटलीपरीस मिश्री बरी, म्हणून दिली."

"तंबाखू हाय ती, माय. नियमात बसत न्हाई."

"मग मला काढ. तिला कावून?"

मी अहवाल लिहिला. डबी सापडली, एवढंच लिहिलं. कुणी दिली ते लिहिलं नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याच्याइतकं वाईट मी दुसरं काही लिहिलेलं नाही. पोरगी जाईल हे मला कळत होतं. जावी, असं वाटतही होतं.

समितीत सात बायका. पोरगी लेकरू छातीशी धरून उभी. डबी कुठून आली, अध्यक्षाबाईंनी तीनदा विचारलं. लेक हातातून जायची वेळ आली तरी ती मायचं नाव घेईना. मला तिचा आणखीच राग आला. माझ्या मायला वाचवणारी ही कोण?

तेवढ्यात माय पदराला हात पुसत दारात आली. "डबी माझी. माझ्या लेकीला ठावं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी होय म्हणून मान हलवली.

मायला कामावरून काढलं. मला लेखी ठपका. पोरगी लेकरासकट राहिली, पण तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मला हवं ते झालंच होतं: माय घरी, माझी एकटीची. ती वेळेवर वाढायची, विचारलं की बोलायची. बाकी दिवसभर भिंतीला टेकून बसून राहायची.

संस्थेत रविवार भेटीचा. त्या रविवारी माय ठेवणीतलं लुगडं नेसून, इतर नातेवाइकांच्या ओळीत फाटकाशी उभी राहिली. वही माझ्याकडं होती. भेटणाऱ्याचं नातं लिहिल्याशिवाय कुणाला आत सोडता येत नाही, आणि त्या पोरीच्या पानावर आजवर कुणीच आलं नव्हतं.

"नातं?" मी विचारलं.

"माय लिही."

मागच्या बाया खोळंबल्या होत्या. मी लिहिलं. आत सांगायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, मीच गेले. "तुझी माय आलीय," म्हणताना माझा आवाज नको तेवढा चढला. पोरीला ते कळलंही नाही. लेकरू उचललं आणि अनवाणीच पळत सुटली.