सुयांखालची झोप

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात अर्धा डझन फोन आहेत आणि खिडकी एकच. खिडकीजवळची खुर्ची तिची. बाहेर दिसते ती समोरच्या इमारतीची मागची भिंत आणि तिच्यावरून खाली उतरलेले गंजके पाइप. लोक फोन लागल्याबरोबर ओरडायला सुरुवात करतात, कारण त्याआधी ते बराच वेळ तेच ते संगीत ऐकत ताटकळलेले असतात. नळाला पाणी नाही, आलं ते गढूळ आहे, रस्ता खणून ठेवलाय आणि माणसं गायब. ती म्हणते, "बोला, ऐकतेय." मग ते बोलतात. तिचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकलेला नाही. कचेरीत तिला तक्रारताई म्हणतात आणि फारच पेटलेला माणूस लागला की शेजारची बाई फोन तिच्याकडे वळवते. "ताई, तुझं गिऱ्हाईक."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दोघांच्या तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, मोठ्या दवाखान्यातले प्रयत्नही झाले. शेवटी तिथल्या डॉक्टर म्हणाल्या की दोष असा कुणातच सापडत नाही, आता थोडं थांबा, जरा ताण कमी करा. हे शेवटचं वाक्य त्यांनी दाराकडे बघत, पुढच्या पेशंटला बोलावता बोलावता म्हटलं होतं. घरी ते निदान म्हणून पोचलं.

"मी म्हणत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या. "डोक्याला फार त्रास करून घेतेस तू."

"मी कुठे करून घेते, आई? लोक फोन करून देतात."

"तेच ते."

आणि घरात ताण कमी करण्याचं काम जोरात सुरू झालं. सकाळी उठून श्वासाचे व्यायाम. संध्याकाळी पोटावर एरंडेलात भिजवलेल्या कापडाची कोमट घडी. झोपण्याआधी पाय गरम पाण्यात. कॉफी बंद, साखर बंद. दिराने तिच्या मोबाइलमध्ये समुद्राच्या लाटांचा आवाज घालून दिला. मन शांत होतं म्हणाला. दोन दिवसांनी तिने तो काढून टाकला. "पाण्याचा आवाज आला की मला वाटतं मेन लाइन फुटली," ती म्हणाली.

"वहिनी," दीर म्हणाला, "आराम करायला इतके कष्ट उपसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही."

नवऱ्याच्या मावशींनी काढ्यासाठी मुळं पाठवली. काढा जोडप्याने घ्यायचा, एकट्या बाईने घेऊन उपयोग नाही, असा मावशींचा निरोप होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अंगाने आडवा, बोलायला कमी. रोज सकाळी तो बेसिनजवळ उभा राहून, नाक दाबून, एका दमात कप रिकामा करायचा आणि लिफ्ट दोन मजले खाली घसरल्यासारखा चेहरा करायचा. पण चुकवायचा नाही. लवकरची पाळी असली की बाटलीत भरून न्यायचा. ती स्वतः कधीमधी विसरायची. तो नाही.

सुया टोचून घेण्याची, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरची, कल्पना सगळ्यात शेवटी आली. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती. ती चालवणारी बाई पूर्वी नर्स होती, मग कुठेतरी जाऊन ही विद्या शिकून आली. दिराने तिचं नाव सुयाबाई ठेवलं आणि घरात तेच चिकटलं. ठरलं बुधवार आणि शनिवार, कचेरी सुटल्यावर. त्या दोन संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं सासूबाईंनीच जाहीर केलं. त्या स्वतः ओट्याशी उभ्या राहायच्या, एक हात गुडघ्यावर, दुसरा कढईत. ती घरी आली की ताट वाढलेलं असायचं. कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही मागायचं नाही. टीव्हीसुद्धा हळू.

सुयाबाईंच्या खोलीत एक उंच अरुंद पलंग होता, त्यावर कागदाची पांढरी चादर, पायाशी शेकायचा लाल दिवा, आणि धुऊन धुऊन विटलेला हिरवा पडदा. खालून झेरॉक्सच्या यंत्राची घरघर यायची. पावलांवर, मनगटांवर, पोटावर, भुवयांच्या मध्ये सुया लावून झाल्या की सुयाबाई ट्यूब बंद करायच्या आणि म्हणायच्या, "आता हलायचं नाही." आणि निघून जायच्या.

असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ऊठ, बघ, घे, उचल, एवढं कर, हे ऐकायची सवय होती. इथे उठायचं म्हटलं तरी उठता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिला गाढ झोप लागली. नंतर दर वेळी लागायची. घरी पहाटेपर्यंत टक्क जागी असलेली बाई तिथे चक्क घोरायची.

मुलाचा नाद आपण नेमका कधी सोडला, हे तिला सांगता येत नाही. उन्हाळ्यात एकदा कचेरीतच पाळी आली. अशा वेळी पूर्वी ती बाथरूममध्ये थोडा वेळ दाराला टेकून उभी राहायची. त्या दिवशी हात धुतले, परत आली आणि पुढचा फोन घेतला. मनात एवढंच आलं की आज बुधवार आहे. संध्याकाळी कागदी चादरीवर पडल्यावर तिने स्वतःला चाचपून पाहिलं. वाईट वाटत नव्हतं. थकवा होता, आणि आता पुन्हा काही करायचं नाही, एवढं स्पष्ट होतं.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. फसवायचं असं काही मनात नव्हतं. पण तो तास तिला मुलाच्या नावावर मिळाला होता. मूल नको म्हटलं असतं तर तास कशाच्या जोरावर मागायचा?

अडचण होती ती काढ्याची. नवरा रोज बेसिनपाशी उभा राहत होता. तिला ते बघवेना, म्हणून तिने मुळं कमी घालायला सुरुवात केली. दोन दिवसांत त्याच्या लक्षात आलं.

"हल्ली पातळ होतोय," तो म्हणाला. "नीट उकळत जा. अर्धवट घेऊन काय फायदा?"

तिने पुन्हा नीट उकळायला सुरुवात केली.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. सुयाबाई सुया काढत होत्या, प्रत्येक जागी कापसाचा बोळा दाबत होत्या.

"एक बोलू का? पहिल्यांदा आलात तेव्हा पाळीच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ होत्या. आता विचारलं की तुम्ही छताकडे बघता."

तिने मनगटावरचा बोळा दाबून धरला.

"मुलासाठी येत नाही ना आता?"

"झोपायला येते."

"मग तसं सांगायचं. झोपेच्या सुया वेगळ्या असतात. आणि खरं सांगू का, याने मूल होईल असं मी कुणालाच छातीठोकपणे सांगत नाही. तुम्हाला झोप लागते एवढं मात्र नक्की. खाली झेरॉक्सवाल्यापर्यंत ऐकू जातं."

"झोपेसाठी घरचे पाठवणार नाहीत."

"विचारलंत?"

"नाही."

"विचारा. मुलासाठी म्हणून मी यापुढे तुम्हाला घेणार नाही. उद्या तुमचे मिस्टर येऊन विचारतील कितपत आलंय, तर मी काय सांगू त्यांना?"

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने कप उचलला तेव्हा ती त्याच्या मागे उभी होती.

"नको पिऊस."

"का? उतू गेला का?"

"नाही. उपयोग नाही त्याचा."

"मावशी म्हणते धीर धरा. वर्ष-दीड वर्ष तरी..."

"मला नको आहे आता."

"काढा?"

"मूल. प्रयत्न. सगळंच."

त्याने कप खाली ठेवला नाही. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"म्हणजे उन्हाळ्यापासून मी हे..." तो थांबला. कपात बघितलं. मग नाक न दाबता, सावकाश, सगळा काढा प्यायला.

"आता कशाला प्यायलास?"

"केलास ना," तो म्हणाला. कप धुऊन पालथा घातला आणि हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेला.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी घास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. नशिबात नाही तर नाही. मग उद्या संध्याकाळी घरीच ये."

"नाही, आई. मी जाणार आहे."

"आता कशाला?"

"झोपायला."

दीर हसला. "वहिनी, आपल्या घरात पलंग..."

"गप रे," नवरा म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

"आम्ही झोपू देत नाही का तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"घरी संध्याकाळी पडले की कुणीतरी येऊन विचारतं, बरं नाही का. मग उठावं लागतं. तिथे उठावं लागत नाही."

"मी तरी कधी संध्याकाळी पडले?" सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "इतकी वर्षं झाली. मला कुणी विचारलं?"

लोकांचं ऐकून घेणं हा तर तिचा धंदा; तिने पाण्याचा तांब्या सासूबाईंकडे सरकवला.

"बुधवारचं मी करीन," नवरा म्हणाला.

"तू? तुला गॅस कुठल्या बाजूला पेटतो ते तरी माहीत आहे का?"

"शिकेन."

सासूबाईंनी पुन्हा घास उचलला. "बुधवार घे. शनिवारी मात्र घरी. माझ्याने आता दोन-दोन दिवस उभं राहवत नाही." एवढ्यावर मिटलं. मुलाचा विषय त्या घरात नंतर निघाला नाही. मावशींचा फोन आला की तो सासूबाईच घेऊ लागल्या, आणि हवापाण्यावर बोलून ठेवून देऊ लागल्या.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू ठरवलंस. मला विचारलं नाहीस."

"हो," ती म्हणाली. आपल्याला अजून हवं होतं, असं तो म्हणाला नाही. तिने ओळखलं.

पुढच्या बुधवारी सुयाबाईंनी सुया नव्या जागी लावल्या. कानामागे एक, टाचेजवळ एक. पोट मोकळं सोडलं. ट्यूब बंद झाली, खाली झेरॉक्सचं यंत्र कुणाची तरी जाडजूड वही छापत बसलं. ती जागीच राहिली. तो तास आता फक्त तिचा होता, आणि तिला सारखं आठवत होतं की घरी नवरा गॅससमोर उभा आहे.

"आज घोरला नाहीत," सुयाबाई म्हणाल्या.

"नाही लागली."

"होतं असं."

घरी आली तेव्हा जिन्यातच करपल्याचा वास येत होता. सासूबाई बाहेर खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, स्वयंपाकघराकडे पाठ करून. पण प्रत्येक भांड्याच्या आवाजाला त्यांची मान हलत होती. नवऱ्याने तिचं ताट वाढून समोर ठेवलं. भात चिकट, भाजी एका बाजूने काळी. तो समोर बसला, कोपरापर्यंत ओला.

"लागली का झोप?"

लागली म्हणणं सोपं होतं. तिने घास चावून संपवला.

"नाही."

"मग?"

"नुसती पडून राहिले."

त्याने मान डोलावली. "पुढच्या बुधवारी बघू," म्हणाला, आणि करपलेली कढई घासायला उठला.